ट्यूलिपचे 120 कंद, फुलं सहा

सांगायची लाज वाटते, पण गप्प बसले तर या हंगामात आणखी कुणीतरी फसेल. 120 कंदांचे सगळे पैसे आगाऊ भरले. जाहिरातीत आकार 12, म्हणजे परीघ 12 सेंटिमीटर किंवा जास्त, आणि शिवाय '5 अंशांवर 14 आठवडे थंडी दिलेले' (नीट फुलायला ट्यूलिपच्या कंदाला आधी काही आठवडे गारठा लागतो). हाती आली सहा फुलं, तीही आखूड दांड्याची, पानांतच अडकलेली.

उसने फोटो, 'शेवटचे काही नग' असले मेसेज, हे सगळ्यांना माहीत आहे. इथला डाव कॅलेंडरवर रचला होता. तक्रारीची मुदत 30 दिवस आणि कोंब मातीवर यायलाच पाच-सहा आठवडे. माल खोटा आहे हे झाडच सांगणार, आणि ते सांगेपर्यंत मुदत उलटलेली.

तरीही खोकं उघडलं त्या दिवशीच कळायला हवं होतं. वरच्या थरात बारा कंद टपोरे, तुकतुकीत. खालचे हाताला हलके लागले. वाटलं, प्रवासात सुकले असतील. शिवणाच्या डब्यात दोरा होता, तो कंदाभोवती गुंडाळून पट्टीवर धरायला अर्धा मिनिट लागला असता. नाही धरला! परीघ 12 म्हणजे व्यास साधारण 3.8 सेंटिमीटर, परीघ 8 म्हणजे अडीच. पुढे न लावलेले चार कंद पिशवीत सापडले, ते मोजले: 8, 8.5, 9, 8.

सोबतच्या चिठ्ठीत ठळक अक्षरांत होतं, 'तपकिरी साल काढू नये, कंद नाजूक असतो.' साल निघाल्याने ट्यूलिपचं काही बिघडत नाही. बिघडतं विकणाऱ्याचं, कारण करपा आणणाऱ्या बुरशीचे टाचणीच्या डोक्याएवढे काळे दाणे सालीवर आणि सालीखालीच दिसतात. एका कंदाच्या बुडाशी आंबूस वास येत होता, तोही मी धुऊन पुसून लावला. आंबूस वास म्हणजे फ्युझॅरियम, कंद कुजवणारी बुरशी. असा कंद इथिलीन नावाचा वायू सोडतो आणि शेजारच्या चांगल्या कंदातली कळीसुद्धा आत जाळतो. तो कुंडीत जाताच कामा नये.

तो एक कंद सोडला तर लागवडीत कसूर नव्हती, हे ठामपणे सांगते. 30 सेंटिमीटरच्या आठ कुंड्या, तळाला भोकं मोकळी, दोन भाग कुंडीमाती आणि एक भाग पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे हलके दाणे). कंद 12 ते 15 सेंटिमीटर खोल, एकमेकांना न टेकवता, प्रत्येक कुंडीत 14-15. चपटी बाजू कुंडीच्या कडेला, म्हणजे पहिलं मोठं पान बाहेर झुकतं. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती सुकल्याशिवाय पाणी नाही. थंडी आधीच दिलीय म्हणून सांगितलं, म्हणूनच कुंड्या गारठ्यात न ठेवता 13-14 अंशांच्या खोलीत ठेवल्या. विश्वास ठेवला तो इथे.

116 लावले. 29 कुजले. 81 मधून एकेकच रुंद पान आलं. ट्यूलिपचं एकुलतं पान म्हणजे कंद लहान, या वर्षी फूल नाही. त्यावर कुठलंही खत चालत नाही. उरलेली सहा फुलं वरच्या थरातल्या मोठ्या कंदांची असणार, आणि त्यांच्या दांड्या जेमतेम 10 सेंटिमीटर. थंडी पुरली नाही की दांडा लांबत नाही. आकार खोटा, थंडीही खोटी.

विक्रेत्याचं उत्तर: 'पाणी जास्त झालं.' पैसे ज्या कंपनीमार्फत भरले ती म्हणाली, वस्तू पोचली आहे, प्रकरण बंद. ग्राहक तक्रार कक्षाने मूळ वेष्टन मागितलं, चार महिन्यांनंतर! मोजमापाचे फोटो पाठवले तर 'सजीव वस्तूची हमी नसते' असं छापील उत्तर. अहो, हमी फुलाची मागतच नव्हते. 12 सांगून 8 दिले, हे पट्टीने मोजता येतं! पोलिसांनी रक्कम ऐकून वहीसुद्धा उघडली नाही, कक्षाकडे जा म्हणाले. कक्षाने पुन्हा कंपनीकडे पाठवलं. प्रत्येक ठिकाणी तेच पाच फोटो, तीच पावती, नवा तक्रार क्रमांक. रक्कम लहान म्हणून कुणी हात लावत नाही, आणि लहान रकमेवरच हा धंदा चालतो.

खोकं उघडतानाच व्हिडिओ काढा, खालच्या थरापर्यंत. दोरा आणि पट्टी त्याच व्हिडिओत दिसू द्या. एक कंद बळी द्या: उभा मधोमध चिरला की कोवळ्या पानांच्या कुशीत इवलीशी कळी दिसली पाहिजे, भिंग घ्या. कळी नसेल तर पुढची थंडी वाया. 'थंडी दिलेले' या शब्दाला जास्त पैसे देऊ नका. साधे कंद घ्या आणि लावलेल्या कुंड्याच 12 ते 16 आठवडे 2 ते 7 अंशांत ठेवा. कंद फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर सफरचंदं बाहेर काढा, पिकती फळं इथिलीन सोडतात. निळा ट्यूलिप नसतोच. फोटोत गडद निळा दिसला तर ती जाहिरात सोडून पुढे जा. आणि निळसर भुरी वरवर असेल तर घाबरून अख्खा माल फेकू नका, कंद टणक असेल तर ती पुसून निघते. मऊ आणि हलका असेल तोच टाका.

गेल्या आठवड्यात तोच फोटो पुन्हा दिसला, वरच्या थरातले तेच टपोरे कंद. नाव दुसरं, आकार आता 14 लिहिलाय, आणि तक्रारीची मुदत तीच, 30 दिवस.