विमा मिळत नाही असे सांगून रोख घेतलेले पैसे

गर्भपाताचा खर्च कोणत्याही आरोग्य विम्यात बसत नाही, हे विधान अर्धसत्य आहे, आणि त्याच अर्धसत्याच्या आधारे इंदूरच्या एका खाजगी रुग्णालयात आमच्याकडून ४५,००० रुपये रोख घेण्यात आले. भाचीच्या संमतीने हा अनुभव लिहीत आहे, कारण अशा प्रसंगाविषयी आपल्या घरांत कोणी बोलत नाही आणि नेमका त्याचाच फायदा घेतला जातो.

एकोणिसाव्या आठवड्यातील सोनोग्राफीत गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आढळला आणि डॉक्टरांशी बोलून तिने गर्भपाताचा निर्णय घेतला. जावयांच्या कंपनीच्या सामूहिक विम्यात प्रसूतीसाठी ५०,००० रुपयांपर्यंतची तरतूद होती. विम्याच्या खिडकीवरील तरुणाने कार्डाकडे न पाहताच ते परत सरकवले आणि म्हणाला, "मॅडम, अबॉर्शन किसी पॉलिसी में नहीं आता, ऊपर से पुलिस का लफड़ा. कैश दे दीजिए, नाम बाहर नहीं जाएगा." पैसे दिल्यावर मिळाली ती वहीतून फाडलेली रेघांची चिठ्ठी, तिच्यावर रक्कम आणि एक वेडीवाकडी सही होती, पण रुग्णालयाचे नाव, पावती क्रमांक किंवा उपचाराचा उल्लेख नव्हता.

पोलिसांची भीती निराधार होती. १९७१ च्या गर्भपात कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली असून, त्यानुसार कायद्यात दिलेल्या कारणांसाठी वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरेसे असते. सज्ञान स्त्रीची स्वतःची लेखी संमती लागते, पतीची लागत नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे हे रुग्णालयाचे कायदेशीर कर्तव्यच आहे. त्यासाठी वेगळे पैसे मागणे ही शुद्ध लुबाडणूक होय. खाजगी रुग्णालयाला या उपचारासाठी मिळालेले मान्यतेचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते, ते आधी पाहून घ्यावे.

विम्याची बाब थोडी गुंतागुंतीची आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित शब्दरचनेत प्रसूतीखर्चाच्या व्याख्येतच कायदेशीर गर्भपाताचा खर्च समाविष्ट आहे. त्यामुळे पॉलिसीत प्रसूतीचे संरक्षण नसेल, तर बाळंतपणाबरोबर गर्भपातही वगळला जातो, आणि स्वतंत्रपणे घेतलेल्या पुष्कळ पॉलिसींत तसेच असते किंवा बराच प्रतीक्षाकाळ असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ हा खर्च मागता येत नाही. मात्र संरक्षण असेल, तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत हा खर्चही मागता येतो. कंपन्यांच्या सामूहिक विम्यात हा प्रतीक्षाकाळ बहुधा माफ केलेला असतो. खिडकीवरच्या माणसाच्या तोंडी नकाराला काहीही किंमत नाही. पूर्वपरवानगीचा अर्ज विमा कंपनीकडे पाठवायला सांगावा आणि नकार आलाच तर तो लेखी घ्यावा. २०२४ च्या नियमांनुसार रोकडविरहित (कॅशलेस, म्हणजे विमा कंपनी रुग्णालयाला थेट पैसे देते अशा) उपचाराच्या अर्जावर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो, तेव्हा 'वेळ नाही' ही सबबही टिकत नाही.

खरा घात पक्क्या बिलाअभावी होतो, कारण बिल आणि डिस्चार्ज कार्ड नसेल तर खर्चाच्या परताव्याची मागणीच करता येत नाही. आम्ही लेखी अर्ज देऊन पोच घेतली, तेव्हा कुठे रुग्णालयाने बिल दिले, आणि तेही केवळ २६,००० रुपयांचे. तेवढी रक्कम विमा कंपनीने नंतर मंजूर केली. ती नाकारली असती, तर आधी कंपनीकडे तक्रार करून, तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास, विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या भोपाळच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता आली असती. वकील करण्याचीही गरज नसते.

उरलेले १९,००० रुपये कशाचे होते, हे रुग्णालयाने अद्याप सांगितलेले नाही. त्या चिठ्ठीची प्रत जोडून आम्ही जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा एवं स्वास्थ्य अधिकाऱ्यांकडे तक्रार दिली असून तिची चौकशी अजून व्हायची आहे.