गोव्यात नवीन आलात, नमाजला कुठल्या मशिदीत जायचं? सुन्नी, तबलीगवाले की अहले हदीस

माझा मावसभाऊ दापोलीकडचा, गेल्या वर्षी कामासाठी बायको-पोरांना घेऊन वास्कोला आला आणि पहिल्याच जुम्म्यानंतर मला फोन, भाई इथे जवळपास तीन मशिदी आहेत आणि तिन्हीकडे काहीतरी वेगळं चालतं, मी जाऊ कुठे आणि पोरांना मकतबला (कुरआन-दीन शिकवतात तिथे) घालू कुठे. मी गोव्यात बावीस वर्षं आहे, आधी फोंडा मग मडगाव, हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय.

पहिलं म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या करा. नमाज कशी पढायची हा एक फरक आणि मिलाद (हुजूरच्या, म्हणजे पैगंबरांच्या जन्माची मजलिस), उर्स (वलींची पुण्यतिथी), सलाम, वसीला (कोणाच्या माध्यमातून अल्लाहकडे मागणं) हा दुसरा. लोक दोन्हींची खिचडी करतात आणि मग भांडणं होतात.

नमाजचा फरक खूप जुना आहे, बरेलवी आणि देवबंदी या मसलकांच्या (गटांच्या) कितीतरी आधीचा. इमाम अबू हनीफा (त्यांच्या तरीक्यावर चालणारे ते हनफी) गेले 767 साली, इमाम शाफई (त्यांच्यावर चालणारे शाफई) 820 साली, तेव्हापासून चालत आलाय. आपले कोकणी मुसलमान आणि भटकळचे नवायत शाफई, आणि बेळगाव-हुबळीकडून किंवा यूपी-बिहारमधून आलेले बहुतेक हनफी. गोव्यात 2011च्या जनगणनेप्रमाणे मुसलमान 8.33 टक्केच, त्यामुळे हे सगळे एकाच सफमध्ये (रांगेत) खांद्याला खांदा लावून उभे असतात. हनफी हात नाभीच्या खाली बांधतो, आमीन मनात म्हणतो, रुकूत (वाकायला) जाताना हात उचलत नाही आणि इमामच्या मागे सूरह फातिहा पढत नाही. शाफई हात छातीच्या खाली पण नाभीच्या वर बांधतो, आमीन मोठ्याने म्हणतो, रुकूच्या आधी आणि नंतर हात उचलतो, फातिहा स्वतः पढतो आणि फज्रला (पहाटेच्या नमाजला) कुनूत ही जादा दुआही पढतो. अहले हदीस हात छातीवर बांधतात, हात उचलणं-आमीन-फातिहा शाफईंसारखंच, पण फज्रला रोजचा कुनूत नाही आणि कुठल्या एका इमामची तकलीद (अनुकरण) न करता थेट हदीसवर अमल करायचा असं म्हणतात.

मी नवीन होतो तेव्हा एका मशिदीत सवयीप्रमाणे हात उचलले तर सलाम फिरवल्यावर शेजारच्याने विचारलं, तुम्ही वहाबी का? (अहले हदीसना लोक टोमण्याने असं म्हणतात.) आमच्या घरात पिढ्यानपिढ्या शाफई तरीका, आजोबांनी शिकवलेली नमाज, आणि त्या दिवशी मी चपला घालताना रडायचा बाकी होतो. म्हणून सांगतो, हात उचलणारा प्रत्येक माणूस अहले हदीस नसतो. दलील दोन्हीकडे आहे. हात उचलण्याची इब्ने उमर यांची हदीस बुखारीत आहे, न उचलण्याची इब्ने मसऊद यांची तिर्मिजी आणि अबू दाऊदमध्ये आहे. इमाम शाफई इमाम अबू हनीफांच्या कबरीजवळ फज्र पढले तेव्हा अदब म्हणून कुनूत सोडला असं जुने आलिम सांगत आलेत, तर आपण कोण मोठे लागून गेलो.

असरची (दुपारनंतरच्या नमाजची) वेळ मात्र लक्षात ठेवा, ऑफिसवाल्यांना रोज नडते. शाफई आणि अहले हदीसची असर, दुपारची मूळ सावली सोडून वस्तूची सावली तिच्या उंचीच्या एकपट झाली की सुरू, हनफींची दुप्पट झाल्यावर, म्हणजे आपल्याकडे मोसमाप्रमाणे पाऊण ते सव्वा तासाचा फरक पडतो. हनफी जमातीबरोबर उशिरा पढलात तरी शाफईची असर वेळेतच होते. आणि हनफी भावांसाठी, इमाम अबू हनीफांचेच दोन मोठे शागिर्द इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद एकपट सावलीच मानत होते. रमजानमध्ये तरावीह (रात्रीची जादा नमाज) हनफी-शाफई 20 रकात, अहले हदीस 8. ईदच्या जादा तकबीरी हनफींत 6, बाकी दोघांत 12, पहिल्या ईदला इथेच सगळे गोंधळतात, आधी विचारून घ्या.

आता दुसरा फरक, आणि मुलांचं मकतब ठरवताना हाच बघायचा.

बरेलवी, ज्यांना आपल्याकडे नुसतं सुन्नी म्हणतात (तसे तिघेही स्वतःला सुन्नीच म्हणतात), आणि देवबंदी, ज्यांना लोक तबलीगवाले म्हणतात, दोघेही हनफी. नमाज बघून ओळखूच येत नाहीत. ओळखायचं आजूबाजूच्या गोष्टींवरून. अजानच्या आधी सलात-ओ-सलाम, हुजूरचं नाव आल्यावर अंगठे चुमून डोळ्यांना लावणं, इकामतमध्ये (जमात उभी राहताना) हय्या अलल फलाहपर्यंत बसून राहणं, जुम्म्यानंतर उभं राहून सलाम, बारावीला (हुजूरच्या जन्मदिवशी) जुलूस, ग्यारवी (गौसपाक अब्दुल कादिर जीलानींच्या नावाने), फातिहा (मय्यत-वलींच्या नावाने पढून सवाब पोहोचवणं), हे असलं तर बरेलवी. नमाजनंतर फजाइल या किताबीची तालीम, गश्त (दीनसाठी घरोघर फिरणं), तीन दिवस किंवा चाळीस दिवसांची जमात (त्यासाठी गटाने बाहेर पडणं), तर देवबंदी. खुतबाच (जुम्म्याचं प्रवचन) उर्दूत किंवा लोकांच्या भाषेत असेल, बायकांसाठी वेगळी जागा असेल, फर्जनंतर सामूहिक दुआ नसेल तर बहुतेक अहले हदीस. माझ्या बायकोला जुम्म्याला जायचं असायचं, तिला ही सोय खूप महत्त्वाची वाटली, तुमच्या घरातही आधी बायकांना विचारा.

मिलादवर बरेलवींचं म्हणणं, कुरआनच हुजूरवर दुरूद पाठवायला सांगतो, जन्माची खुशी करणं ही मोहब्बत आहे आणि नवी असली तरी चांगली पद्धत आहे. अहले हदीस म्हणतात, सहाबांपेक्षा जास्त मोहब्बत कोणाची, त्यांनी केलं नाही म्हणजे ती बिदअत (दीनमध्ये नवी घातलेली गोष्ट). देवबंदी मधले, हुजूरच्या जन्माचं बयान करणं चांगलंच, हरकत ठरावीक तारीख बांधून घेण्याला आणि हुजूर त्या मजलिसीत हजर आहेत असं मानण्याला. गंमत नाही, खरंच सांगतो, देवबंदच्या दारुल उलूमचे (1866) बुजुर्ग मौलाना कासिम नानोतवी आणि मौलाना रशीद अहमद गंगोही ज्यांचे मुरीद (शिष्य) होते ते हाजी इमदादुल्लाह मुहाजिर मक्की स्वतः मिलादमध्ये बसायचे, सलामला उभे राहायचे, आणि मिलाद, फातिहा, उर्स यांच्यावरून भांडू नका म्हणून त्यांनी सात मसल्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं.

दर्ग्याचंही तसंच. बरेलवी कबरीला सजदा करतात (डोकं टेकतात) असं सर्रास बोललं जातं, पण बरेलवींचे मोठे आलिम आला हजरत अहमद रजा खान (1856–1921) यांनी कबरीला सजदा हराम म्हणून सविस्तर लिहिलंय, ताजियालाही त्यांचा विरोध होता. देवबंदी वसीला मानत नाहीत हेही चूक, नबी आणि वलींच्या वसील्याने अल्लाहकडे मागणं ते मानतात, चिश्ती-नक्शबंदी या सूफी सिलसिल्यांत बैअत पण करतात (पीराचे मुरीद होतात). खरा फरक इथे आहे की या रसूलल्लाह, या गौस अशी मदतीची हाक मारायची का. बरेलवी हो म्हणतात, कारण देणारा अल्लाहच आहे, वली फक्त माध्यम. देवबंदी त्यापासून अडवतात, आणि अहले हदीसना तो शिर्क (अल्लाहच्या बरोबरीला दुसऱ्याला मानणं) वाटतो. वसील्यात अहले हदीस अल्लाहची नावं, स्वतःचं नेक काम आणि जिवंत माणसाला आपल्यासाठी दुआ करायला सांगणं एवढंच मानतात.

माझं मत विचाराल तर पाच वेळची नमाज जवळच्या मशिदीत पढा, आपल्याच तरीक्याने, लपवू नका. मकतबसाठी मात्र घरात काय चालतं ते बघा. घरी फातिहा, ग्यारवी होत असेल आणि पोरगं अहले हदीस मकतबमधून येऊन नानीला शिर्क म्हणायला लागलं, किंवा उलटं, घरी काहीच नसताना पोराला सांगितलं की सलामला उभं न राहणारा गुस्ताख (हुजूरची बेअदबी करणारा), तर घर तुटतं, मी दोन घरं तुटताना बघितलीत. म्हणून नाव घालायच्या आधी मौलानांना एकच विचारा, पलीकडच्या मशिदीत नमाज पढली तर होते का. उत्तर देताना ते चिडले तर पोराला तिथे घालू नका, मग मसलक कुठलाही असो. मय्यतीचंही आधी बोलून ठेवा, तीजा, चेहलुम (तिसऱ्या आणि चाळिसाव्या दिवसाची फातिहा) होणार का, कारण त्या दिवशी वाद घालायचं त्राण कोणात नसतं.

मावसभाऊ शेवटी सहा मिनिटांवरच्या देवबंदी मशिदीत जायला लागला, पोरं तिथेच शिकतात. मौलानांनी पहिल्याच दिवशी पोरांना विचारलं, घरी हात कुठे बांधता, आणि म्हणाले तसेच बांधा. फज्रची मशिदीतली जमात चुकली की तो घरी पढतो तेव्हा पोरांना कुनूत ऐकवतो, आणि बारावीला बायकोच्या माहेरी बेळगावला सगळे मिळून मिलादला जातात.