नक्षीची बंदूक, वर्षभरानंतर: जादा नऊ हजार वसूल झाले का?

जून २०२४ मध्ये घेतलेली बारा बोअरची दुनळी. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, दोडामार्गात आमच्याकडे बऱ्याच जणांकडे असते तशी साधी. दुकानात एकाच नमुन्याच्या दोन होत्या. एक कोरी, दुसरीच्या अ‍ॅक्शनवर (नळ्यांमागच्या लोखंडी भागावर) दोन्ही बाजूंना वेलबुट्टी आणि उडतं बदक. नळ्या, चाप, लाकूड सगळं तेच. फरक नऊ हजारांचा. मी नक्षीची घेतली.

पहिली तक्रार, गंज. जुलैत आमच्याकडे कपाटातला चामड्याचा पट्टासुद्धा बुरसतो. कोरी बाजू एकदा फडक्यानं पुसली की झालं. नक्षीच्या रेघांत फडकं शिरतच नाही. हाताचा घाम आणि दारूची काजळी तिथेच बसते. रात्री भातातली डुकरं पिटाळून आलो की जुना दातांचा ब्रश आणि बंदुकीचं तेल घेऊन पंधरा मिनिटं घासावं लागतं. एवढं करूनही ऑगस्टात बदकाच्या पंखात तांबूस ठिपका दिसलाच. (खोबरेल लावू नका, रेघांत चिकटून बसतं.)

तो ठिपका बघायला भिंग लावलं आणि खरा राग आला. रेघ कोरलेली नव्हतीच, साच्यानं दाबलेली होती. छिन्नीनं कोरलेल्या रेघेची कड धारदार असते, बंदूक हलवली की तिच्यात उजेड सरकतो. इथे तळ खरबरीत आणि दोन्हीकडची बदकं पिसापिसाला सारखी. इटलीत गार्दोने वाल त्रोंपियाला, ऑस्ट्रियात फेर्लाखला कारागीर हातानं हे काम करतात, त्याचे पैसे देणं मला पटतं. साच्याच्या ठशाला नऊ हजार हा अन्याय आहे.

ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली, ऐन कापणीत बंदूक ठाण्यात जमा केली. निकालानंतर आणायला गेलो तर ओळीनं टेकवलेल्या बंदुकांत माझी दारातूनच ओळखू आली. बंदुकीवरचा नंबर जुळवावा लागलाच, पण बरं वाटलं हे खरं. आणि गंज सगळ्यांनाच होता; शेजाऱ्याच्या कोऱ्या दुनळीच्या नळीवर तर माझ्यापेक्षा मोठा चट्टा. म्हणजे सगळा दोष नक्षीवर टाकला तो चूक होता. पण त्याचा चट्टा तेलाच्या फडक्यानं दोन मिनिटांत गेला. माझ्या रेघांतला अजून आहे.

बाबा मात्र ओट्यावर बसून त्या वेलीवरून अंगठा फिरवत राहतात. त्यांना आवडते, आणि त्याला मी किंमत लावत नाही.

कोरी घेऊन मागाहून नक्षी करायची असेल तर परवानाधारक दुकानातच करा, आणि नंबराला धक्का लागू देऊ नका; तो खोडणं किंवा बदलणं शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे गुन्हा आहे.

भाचा यंदा घेतोय. त्याला सांगितलं, कोरी घे. उरलेल्या पैशात दस्ता तुझ्या खांद्याच्या मापाचा करून घे आणि मुठीवर हातानं जाळी कोरून घे. माझी मूठ गुळगुळीत आहे, पावसात ओल्या हातातून सटकते.