उंदराच्या गर्भातलं हृदय बघायचंय: कोणतं यंत्र, कोणत्या दिवशी?

"लाइट-शीट घेऊ की मायक्रो-सीटी?" प्रकल्प सुरू करणारा जवळपास प्रत्येक जण हाच प्रश्न घेऊन येतो. (लाइट-शीट म्हणजे प्रकाशाच्या पातळ पट्ट्याने नमुना थराथराने टिपणारा सूक्ष्मदर्शक; मायक्रो-सीटी म्हणजे अतिबारीक तपशिलाचा क्ष-किरण स्कॅन.) मी उलट विचारते: गर्भ कितव्या दिवसाचा आहे? आणि हृदय धडधडताना बघायचंय, की त्याची घडण पुरेशी आहे? एवढं ठरलं की निम्मी यंत्रं आपोआप बाद होतात.

उंदराचा गर्भकाळ जेमतेम १९-२० दिवसांचा. मादीत प्लग (समागमानंतर योनीत तयार होणारी घट्ट गुठळी) दिसला त्या दिवसाची दुपार म्हणजे ई०.५, म्हणजेच गर्भाचं वय अर्धा दिवस. ई८ च्या सुमारास हृदयाची साधी नळी ठोके देऊ लागते, ई९.५ पर्यंत ती वळण घेते, आणि दोन निलयांमधला पडदा पुरा व्हायला ई१४.५ उजाडतो. ही शेवटची तारीख मला अद्दल घडवून गेली आहे. ई१३.५ च्या म्युटंट (जनुकात बिघाड असलेल्या) गर्भात पडद्याला भोक सापडलं म्हणून मी खूश झाले होते. नंतर त्याच वेतातले निरोगी भाऊबंद तपासले, तर भोक सगळ्यांनाच! त्या वयात ते असतंच.

घडणीसाठी: एचआरईएम की मायक्रो-सीटी

पडद्यातलं भोक, महाधमनीची चुकलेली दिशा, जाड झालेल्या झडपा हे शोधायचं असेल तर खरी निवड या दोघांत आहे.

एचआरईएममध्ये (हाय-रिझोल्यूशन एपिस्कोपिक मायक्रोस्कोपी) इओसिन हा रंग मिसळलेल्या रेझिनमध्ये गर्भ बसवतात आणि पातळ काप काढत जातात. गंमत अशी की फोटो कापाचा काढतच नाहीत. काप निघाल्यावर उघड्या पडलेल्या ठोकळ्याच्या पृष्ठभागाचा काढतात. ठोकळा जागचा हलत नाही, त्यामुळे हजारो चित्रं एकावर एक नेमकी बसतात. नेहमीच्या मेणातल्या कापांसारखं सुरकुत्या आणि फाटण्याचं रडगाणं नाही. ई१४.५ चा अख्खा गर्भ ३ मायक्रॉनच्या आसपासच्या तपशिलात मिळतो आणि झडपेची पाकळीसुद्धा स्वच्छ दिसते. किंमत एकच: गर्भ संपतो. काप घेताना पात्याने दगा दिला तर दुसरी संधी नाही.

मायक्रो-सीटीत गर्भ आयोडिनच्या द्रावणात मुरवून क्ष-किरणांखाली ठेवतात. बारकावे एचआरईएमपेक्षा कमी दिसतात, पण गर्भ शाबूत राहतो आणि हवं तर पुढे त्याचेच काप घेता येतात. वेतामागून वेत तपासता येतात, हा तिचा मोठा गुण. उंदराचं एकेक जनुक बंद करून परिणाम तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय माउस फेनोटायपिंग कन्सॉर्टियमने मोठ्या गर्भांसाठी हीच वाट धरली, ती उगाच नाही. त्यांच्या २०१६ च्या अहवालात १,७५१ जनुकांपैकी ४१० जनुकं अशी निघाली की ती बंद केल्यावर पिल्लं जगतच नाहीत. एवढा पसारा एकेक ठोकळा कापून उरकणं कठीण.

आयोडिनने ऊती आक्रसतात, हे मात्र विसरू नका. हृदयाचं आकारमान मोजून निष्कर्ष काढायचा असेल तर म्युटंट आणि निरोगी गर्भ एकाच बाटलीत, तितकाच वेळ ठेवा. आधी हायड्रोजेलचा आधार दिला तर आक्रसणं बरंच कमी होतं.

माझा कौल? मोजके म्युटंट आणि नेमका प्रश्न असेल तर एचआरईएम. "काहीतरी बिघडलंय, कुठे ते माहीत नाही" अशी अवस्था असेल तर आधी मायक्रो-सीटी.

जिवंत हृदयासाठी: ओसीटी की अल्ट्रासाउंड

डोळ्यांच्या दवाखान्यात डोळ्याचा पडदा तपासायला जे ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) वापरतात, त्याचाच हा भाऊ. इन्फ्रारेड प्रकाश, रंग नको, अँटिबॉडी नको. ई८.५ ते ई१०.५ या काळात, मादीबाहेर वाढवलेल्या गर्भाचं हृदय भिंतीच्या हालचालीसकट दिसतं आणि डॉप्लर जोडला की रक्ताचा वेगही मिळतो. अडचण यंत्रात नसून गर्भ जगवण्यात आहे: उंदराच्या मोठ्या भावाचं, म्हणजे रॅटचं सीरम, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ३७ अंश. तापमान थोडं घसरलं की ठोके मंदावतात, आणि आपण त्याला म्युटेशनचा परिणाम समजून बसतो.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटत असेल तर ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या गटाचा २००७ चा प्रयोग बघा. यंत्र तिथे कॉन्फोकल (लेझरने एकेक पातळी टिपणारा सूक्ष्मदर्शक) होतं, पण मुद्दा जिवंत गर्भाचाच. त्यांनी रक्तपेशींना प्रवाहात येऊ दिलं नाही, तर योक सॅकमधल्या (गर्भाभोवतीच्या पातळ पिशवीतल्या) रक्तवाहिन्यांची जाळी पुढे घडलीच नाही. मग स्टार्च घालून द्रवाचा दाटपणा वाढवला आणि जाळी पुन्हा घडू लागली. म्हणजे इथे कामाचा होता तो प्रवाहाचा रेटा. मेलेल्या गर्भाच्या कितीही सुंदर चित्रातून हे उमगलं नसतं.

मोठा गर्भ मात्र ओसीटीच्या आवाक्याबाहेर जातो, कारण प्रकाश दोन-तीन मिलिमीटरच्या पलीकडे पोचत नाही. तिथे उच्च वारंवारितेचं अल्ट्रासाउंड. मादी जिवंत, गर्भ पोटातच, उद्या पुन्हा तोच गर्भ बघता येतो. पिट्सबर्गच्या सेसिलिया लो यांच्या गटाने असे ८७,३५५ गर्भ तपासले आणि जन्मजात हृदयदोषांत सिलियांशी (पेशींवरच्या केसांसारख्या बारीक तंतूंशी) संबंधित जनुकांचा मोठा वाटा असल्याचं २०१५ मध्ये दाखवलं. पण बारीक भोक अल्ट्रासाउंडमधून निसटतं. त्यांनीही पक्कं निदान ठोकळ्याच्या चित्रणावरच केलं. तुम्ही करणार असाल तर मूत्राशयापासून डावी-उजवी मोजत प्रत्येक गर्भाची जागा लिहून ठेवा, नाहीतर नंतर कोणता कुठला हे कळणार नाही.

रक्तवाहिन्यांसाठी

लाइट-शीटचा मोह मला समजतो. गर्भ पारदर्शक करून, सीडी३१ किंवा एंडोम्युसिन या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या प्रथिनांची अँटिबॉडी लावून ई१०.५ चं अख्खं जाळं फिरवून बघणं हा आनंदच आहे. पण आयडिस्को या पारदर्शक करण्याच्या पद्धतीतल्या द्रावकांत जीएफपी या हिरव्या चमकत्या प्रथिनाची चमक मरते, अँटिबॉडी आत शिरायला दिवसच्या दिवस लागतात आणि फाइली शेकडो गिगाबाइटच्या होतात. फक्त जाळी नीट घडली का, एवढाच प्रश्न असेल तर योक सॅक काचेवर सपाट पसरा आणि साध्या कॉन्फोकलवर बघा. ती इतकी पातळ असते की पारदर्शक करायची गरजच पडत नाही.

फक्त सगळी योक सॅक काचेवर पसरू नका. जनुकचाचणीसाठी तिचाच तुकडा लागतो, आणि तोही आईचं रक्त नीट धुऊन. आई-बाप दोघांकडे बिघडलेल्या जनुकाची एकेकच प्रत असेल, तर आठ गर्भांच्या वेतात दोन्ही प्रती बिघडलेले म्युटंट सरासरी दोनच निघतात. ते कोणते हे न कळणं परवडत नाही.