मोठी कॉर्ड घडवताना: स्वरावर स्वर की कॉर्डवर कॉर्ड?

नाइन्थ, थर्टीन्थ (मूळ स्वरापासून नवव्या, तेराव्या स्वरापर्यंत चढणाऱ्या कॉर्ड) ही नावं ऐकूनच बरेच जण साध्या मेजर-मायनरवर, म्हणजे तीन स्वर एकत्र वाजणाऱ्या कॉर्डवर थांबतात. पुढे जायला दोन वाटा आहेत. आधी कोणती धरायची, हे तुम्ही काय वाजवता यावर ठरवा.

पहिली वाट एकेक स्वर चढवण्याची. सी-ई-जीवर बी ठेवला की सी मेजर सेव्हन्थ, त्यावर डी आला की नाइन्थ. कोणता स्वर कशासाठी आला, ते नीट कळतं. पण थर्टीन्थपर्यंत स्वर सात होतात आणि गिटारच्या तारा सहाच! काय गाळायचं (बहुधा मूळ स्वरापासून पाचवा, इथे जी) हे वेगळं शिकावं लागतं.

दुसरी वाट कॉर्डवर कॉर्ड ठेवण्याची. तिच्यात नवं काही पाठ करायचं नसतं. डाव्या हातात सी मेजर, उजव्या हातात ई मायनर धरा. ई आणि जी दोघींत सामाईक, म्हणून ऐकू येते ती सी मेजर सेव्हन्थच. आता डावीकडे फक्त सी, ई, बी फ्लॅट (अर्धा स्वर उतरलेला बी) ठेवा आणि वर डी मेजर (डी, एफ शार्प म्हणजे अर्धा स्वर चढलेला एफ, ए) वाजवा: नाइन्थ, शार्प इलेव्हन्थ, थर्टीन्थ, तिन्ही एका झटक्यात. मला हा क्षण फार आवडतो. ओळखीची कॉर्ड एकदम अनोळखी रंगात उजळते. याहून सोपं म्हणजे वरची सी मेजर तशीच ठेवून नुसता बास, म्हणजे सर्वांत खालचा स्वर, बदलणं. खाली ए आला की ए मायनर सेव्हन्थ, डी आला की अधांतरी लटकणारी डी सस (सस्पेंडेड).

मात्र इथे कान फसतो. सी सेव्हन्थवर (सी-ई-जी-बी फ्लॅट) एफ मेजर ठेवली की खालच्या ई आणि वरच्या एफची टक्कर होते, आणि ती का होते हे पहिली वाटच सांगते. पूर्ण सी मेजरवर एफ शार्प मेजर तर उघडउघड भांडते. रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीने 1911च्या ‘पेत्रुश्का’ या बॅलेत ते भांडणच वापरलं.

कीबोर्डवर उलटसुलट इन्व्हर्जन (त्याच कॉर्डचे स्वर खालीवर करून केलेली रूपं) हातात बसली असतील तर दुसरी वाट धरा. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बास बदलण्याची युक्ती पुरते. समूहगायनासाठी लिहिणाऱ्याने मात्र पहिलीच धरावी, कारण तिथे प्रत्येक आवाजाला स्वतःची चाल हवी.

दुसरी निवडलीत तर डाव्या हातात सी, ई, बी फ्लॅट धरून वर बाराही मेजर कॉर्ड फिरवून पाहा. डी, ई फ्लॅट, एफ शार्प, ए फ्लॅट आणि ए यांच्यापाशी थांबा. एफ शार्पचं भांडण इथे बरंच निवळतं, कारण खालचा जी आपण काढलाय.