हॉस्टेल खरं होतं, फोन नंबर खोटा होता

नोव्हेंबर 2024 मध्ये मी एकटी पाठीवर सॅक टाकून देवदिवाळीला, म्हणजे कार्तिक पौर्णिमेला घाटांवर दिवे लावतात त्या उत्सवाला, काशीला गेले होते. 6,900 रुपये गेले. आजवर घरीही पूर्ण आकडा सांगितला नव्हता, कारण पहिला प्रश्न हाच येतो: "तुझ्यासारखी शिकलेली मुलगी अशी कशी फसली?" कशी फसले ते सांगते. यंदा जे जाणार आहेत त्यांनी निदान बुकिंगच्या आधी वाचा.

रिक्षावाला "तुमचं हॉटेल बंद पडलंय" म्हणतो, घाटावर कुणीतरी कपाळाला टिळा लावून पैसे मागतो, मणिकर्णिका या स्मशानघाटावर "गरिबांच्या चितेला लाकूड द्या" म्हणत माणूस मागे लागतो, हे सगळं मला माहीत होतं. मणिकर्णिकेवर तो माणूस मला भेटलाही. लाकूड किलोला 400 रुपये म्हणाला. मी मान हलवून पुढे गेले. पण मला लुटणारा तिथे नव्हताच. त्याने मला नऊ दिवस आधी, नाशिकला माझ्या घरात बसलेली असतानाच लुटलं होतं.

सोनारपुऱ्याजवळच्या गल्लीतलं हॉस्टेल नकाशा ॲपवर सापडलं. फोटो खरे, रेटिंग 4.6, लोकांचे अनुभव खरे, कारण हॉस्टेल खरंच आहे. फक्त पानावरचा फोन नंबर कुणीतरी बदललेला होता. "माहितीत बदल सुचवा" असं बटण तिथे असतं आणि ते कुणीही दाबू शकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला होतं का?

देवदिवाळीत सगळीकडे डॉर्ममधल्या एका बेडला 1,800 ते 2,000 सांगत होते. पानावरच्या नंबरवर फोन उचलणारा माणूस 650 म्हणाला. तिथेच थांबायला हवं होतं. पण "अजून दोनच बेड आहेत, दीदी" असं तो इतक्या सहज म्हणाला, की मीच घाई केली. तीन रात्रींचे 1,950 पाठवले. मग परत मिळणारं डिपॉझिट म्हणून 1,500. मग म्हणाला, दोन्ही रकमा वेगवेगळ्या आल्यामुळे सिस्टीम एंट्री घेत नाही, 3,450 एकत्र पाठवा, आधीचे चेक-इनला रोख परत देतो. मी तेही पाठवले. एकूण 6,900.

आणि तो क्षण. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर घेणाऱ्याचं नाव येतं ना, तिथे हॉस्टेलचं नाव नव्हतं. कुठल्यातरी मोबाईल दुकानाचं होतं. मी ते वाचलं. मोठ्याने वाचलं. विचारलंही. तो म्हणाला, "मालिक के भाई की दुकान है." आणि मला ते पटलं, कारण आमच्या भाजीवाल्या मावशींच्या क्यूआरवरही त्यांच्या मुलाचं नाव येतं. रोज आपण दुसऱ्याच नावावर पैसे टाकतो, त्यामुळे ते नाव डोळ्यांना टोचतच नाही. आता रात्री झोप येईना की तोच स्क्रीन डोळ्यांसमोर येतो. अनोळखी माणसाला पैसे पाठवताना ते नाव जुळलं नाही तर फोन ठेवा. कारण विचारत बसू नका, कारण त्याच्याकडे तयार असतं.

14 तारखेला पहाटे महानगरीने वाराणसी कॅन्टला उतरले. गर्दीमुळे रिक्षावाल्याने गोदौलियाच्या अलीकडेच सोडलं. अकरा किलोची सॅक घेऊन बंगाली टोल्याच्या गल्ल्यांतून चालत गेले. फोनवरच्या माणसाने मला पाठवलेली पावती काउंटरवरच्या मुलाने उलटसुलट करून पाहिली. बोधचिन्ह त्यांचंच होतं, पण बेड नंबर "बी-7" लिहिला होता. त्यांच्याकडे बेडना 1 ते 14 असे साधे आकडे आहेत. तो म्हणाला, "दीदी, इस महीने में आप चौथी हैं." मला पाणी दिलं त्याने, पण बेड एकही रिकामा नव्हता. शेवटी स्टेशनजवळ बिनखिडकीच्या, ओल आलेल्या खोलीला रात्रीचे 2,200, असे दोन रात्रींचे 4,400 भरले.

आता पोलिसांचं. चौकीवर सांगितलं, ठाण्यात जा. ठाण्यात विचारलं, पैसे कुठून पाठवले? नाशिकहून. मग नाशिकला तक्रार करा. झिरो एफआयआर, म्हणजे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 मध्ये तसं लिहिलंय. हे मी म्हणाले तर साहेब म्हणाले, "मॅडम, आज देव दीपावली है." होती ना! मी त्याचसाठी आले होते. घाटांवर दिवे लागत होते आणि मी ठाण्यातल्या बाकावर बसून मोबाईलच्या प्रकाशात अर्ज लिहीत होते. तो अर्जही घेतला नाही, "छोड़ जाइए" म्हणाले. पोच नाही, शिक्का नाही. बंदोबस्ताचा ताण मला कळतो. पण एक शिक्का मारायला किती वेळ लागतो?

1930, म्हणजे सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा हेल्पलाइन नंबर, चौथ्यांदा लावला तेव्हा लागला. तक्रार क्रमांक मिळाला आणि "उशीर झाला" हेही ऐकायला मिळालं. पैसे गेल्याचं कळलं की त्याच मिनिटाला 1930 लावा, आधी भांडत बसू नका. नाशिकला परतल्यावर ठाण्यात म्हणाले, खातं परराज्यातलं आहे, वेळ लागेल. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला. संमती! खोटं बोलून घेतलेली संमती कसली? त्या खात्यात 212 रुपये उरले होते, ते गोठवलेत. ते मिळवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले.

हॉस्टेलचा नंबर नकाशावरून घेऊ नका. बुकिंग साइटवर पैसे भरा किंवा पोहोचल्यावर द्या. आधीच द्यायचे असतील तर तिथे नुकत्याच राहून आलेल्या कुणाकडून तरी नंबर घ्या. "परत मिळतील" म्हणून दुसऱ्यांदा पैसे मागितले की समजा, पहिले गेले.

परवा त्या हॉस्टेलचं पान उघडलं. त्यावर आता तिसराच नंबर आहे. मी चुकीचा म्हणून कळवला, तर उत्तर आलं की सुचवलेला बदल स्वीकारता येत नाही. काउंटरवरच्या त्या मुलाला फोन करून विचारलं. तो नंबर त्यांचा नाही.