बेलोज, लायनरवाला बेलोज की सरळ पाईपलाच वळण?

परवा कुपवाड एमआयडीसीत आमच्या शॉपवर कॉलेजची पोरं आली होती, त्यांना लिक्विड इंधनाच्या रॉकेट इंजिनचा छोटा टेस्ट स्टँड करायचाय आणि ऑक्सिजनच्या लाईनीत लवचिक तुकडा कुठला टाकायचा तेच ठरंना. बोलणं अर्धं राहिलं म्हणून इथं लिहितोय.

लवचिक काहीतरी लागतंच, कारण लिक्विड ऑक्सिजनच्या थंडीला स्टीलचा पाईप मीटरमागं जवळपास 3 मिलिमीटर आखडतो. साधा बेलोज, म्हणजे पेटीच्या भात्यासारख्या घड्यांचा पातळ पत्र्याचा पाईप, हे सांभाळतो, बसवायलाही सोपा. पण आतल्या घड्यांवरून ऑक्सिजन जोरात गेला की प्रत्येक घडीशी भोवरे सुटतात, कृष्णेच्या पुराला पुलाच्या खांबामागं सुटतात तसे, आणि त्यांचा ठेका बेलोजच्या स्वतःच्या फ्रिक्वेन्सीला जुळला की पत्रा थरथरून थरथरून चिरतो. कंप्रेसर लाईनचा असा एक बेलोज मी स्वतः कापून बघितलाय, चीर बोटाला लागत नव्हती, नखाला लागली.

1968 साली नासाच्या अपोलो 6 च्या रॉकेटला हेच नडलं. इग्नायटरच्या, म्हणजे इंजिन पेटवणाऱ्या भागाच्या, हायड्रोजन लाईनचा बेलोज उड्डाणात तुटला. जमिनीवरच्या टेस्टला तो टिकायचा, कारण गार लाईनीवर बाहेरची हवाच द्रव होऊन साचायची आणि थरथर दाबून धरायची, वर व्हॅक्यूममध्ये ते कुठलं व्हायला! मग त्यांनी बेलोज काढून पाईपलाच वळणं दिली, आखडणं ती वळणंच थोडी वाकून सोसतात.

लायनरवाल्यात आत गुळगुळीत बाही असते, घड्या झाकल्या जातात. चांगलाय, पण महाग, आणि बाहीलाही चिरा जातात. 2002 मध्ये स्पेस शटलच्या हायड्रोजन लाईनीत लायनरच्या खाचांच्या कडेला बारीक चिरा सापडल्या, वेल्डिंग करून कडा पॉलिश कराव्या लागल्या.

तुमचं इंजिन स्टँडला घट्ट बोल्ट केलेलं असणार, हलणार नाही, म्हणून मी म्हणतो वळणच द्या. जागा जास्त खातं, प्रेशर थोडं पडतं, ते सोसा, पाईप एक साईज मोठा घेतला की वेगही उतरतो. इंजिन गिंबलवर, म्हणजे दिशा बदलायला हलणाऱ्या सांध्यावर, फिरवायचं असेल तरच लायनरवाला. साधा बेलोज जिथं फ्लो हळू असतो तिथंच, टाकीतला गॅस बाहेर सोडणाऱ्या व्हेंट लाईनीला वगैरे.

आणि ऑक्सिजन भरायच्या आधी पाण्यावर चालवा, फ्लो हळूहळू वाढवत न्या, हात पाईपवर ठेवा, ज्या फ्लोला पाईप गुणगुणायला लागतो तो आकडा वहीत लिहा आणि मला पाठवा.